लो सोडियम मीठ: पाकीट चांगलं, पण आधी रक्ताचा रिपोर्ट काढा

किराणा दुकानात लो सोडियम मिठाचं पाकीट हातात घेतलं की सोडियम किती टक्के कमी आहे हे पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत दिसतं. खरी वाचण्यासारखी बाजू मात्र मागची आहे. तिथे घटकांच्या यादीत ‘पोटॅशियम क्लोराइड’ हे दोन शब्द असतात, काही पाकिटांवर नुसता ‘आयएनएस ५०८’ असा आकडा असतो. दोन्हीचा अर्थ एकच. या मिठाचं कौतुक करायचं तेही या दोन शब्दांमुळे आणि जपून राहायचं तेही त्यांच्यामुळेच.

साधं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या १ ग्रॅममध्ये साधारण ३९० मिलीग्रॅम सोडियम असतं आणि ते कितीही शुद्ध केलं तरी कमी होत नाही. सोडियम कमी करायचं तर मिठाचा काही भाग काढून त्या जागी दुसरं काहीतरी खारट घालावं लागतं. ते दुसरं काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड. आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांपैकी टाटा सॉल्ट लाइटवर १५ टक्के कमी सोडियमचा दावा असतो, सुपरलाइटवर ३० टक्के. ब्रिटनमध्ये राहणारी मुलं सुट्टीला येताना ‘लोसॉल्ट’ घेऊन येतात, त्यात सोडियम ६६ टक्के कमी असतं, म्हणजे डब्यातलं जवळपास दोन तृतीयांश पोटॅशियम क्लोराइडच. तीनही डबे ‘लो सोडियम’ याच नावाने ओट्यावर येतात, पण एका चमच्यातून पोटात जाणारं पोटॅशियम एकात दुसऱ्याच्या चौपट असू शकतं. म्हणून पहिली गोष्ट: नुसतं ‘लो सोडियम आणलंय’ एवढ्यावर थांबू नका, किती टक्क्यांचं आणलंय ते बघा.

आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. रक्तदाब वाढलेल्या, पण किडनी ठणठणीत असलेल्या माणसासाठी हे मीठ उत्तम आहे आणि इतक्या कमी खर्चात इतका उपयोग देणाऱ्या वस्तू वाणसामानाच्या यादीत फार नाहीत. अडचण अशी, की ते ज्यांच्यासाठी हौसेने आणलं जातं ते बहुधा घरातले आजी-आजोबा असतात. वय सत्तरीच्या आसपास, बीपीची गोळी चालू, मधुमेह पंधरा वर्षांचा, ‘क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) थोडंसं वाढलंय पण काही विशेष नाही’ असं कधीतरी कुणी सांगितलेलं. नेमक्या याच माणसाला हे मीठ रिपोर्ट न बघता सुरू करू नये, कारण किडनी मंदावली की पोटॅशियम रक्तात साचतं आणि ते हृदयाची लय बिघडवू शकतं.

आधी फायद्याचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या मोठ्या अभ्यासात ६०० गावांतले जवळपास २१ हजार लोक होते. सगळे एकतर आधी पक्षाघात होऊन गेलेले, नाहीतर साठीच्या पुढचे आणि रक्तदाब असलेले. निम्म्या गावांना साधं मीठ चालू ठेवलं, निम्म्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण दिलं. पाचेक वर्षांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं, मृत्यूंचं १२ टक्क्यांनी. वरचा रक्तदाब सरासरी ३ आकड्यांनीच उतरला होता, तरी एवढा फरक पडला. आपल्यालाही हे लागू पडण्याचं कारण म्हणजे आपल्याकडेही बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जातं. बरणी बदलली की आमटी, भाजी, भात सगळं एकदम बदलतं. जिथे लोक मुख्यतः पाकिटबंद खाण्यावर जगतात तिथे बरणी बदलून एवढा उपयोग होत नाही.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जाहिरातीत येत नाही. गंभीर किडनीविकार असलेल्यांना आणि पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना त्यात घेतलेलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हाही किडनीचं काम कमी झालेले लोक, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांना त्या शिफारशीतून बाहेर ठेवलं. चीनमधल्याच वृद्धाश्रमांत झालेल्या आणखी एका अभ्यासात हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले, पण रक्तात पोटॅशियम वाढलेल्यांची संख्याही वाढलेली दिसली. म्हणजे फायदा खरा आहे. तो ज्यांच्यावर मोजला त्यांच्यात आपल्या घरातलं माणूस बसतं का, एवढंच तपासायचं आहे.

ते तपासताना सगळ्यात जास्त फसवतं ते क्रिएटिनिन. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. वय वाढतं तसे स्नायू झिजतात, त्यामुळे क्रिएटिनिन तयारच कमी होतं. किडनीचं गाळण्याचं कामही चाळिशीनंतर दरवर्षी साधारण १ मिलीलीटर प्रतिमिनिट या वेगाने उतरत असतं. दोन्ही एकाच वेळी घटत असल्यामुळे रिपोर्टवरचा आकडा वर्षानुवर्षं हलत नाही आणि घरचे निर्धास्त राहतात. एक उदाहरण घ्या. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१. तिशीतल्या पुरुषाचं असेल तर क्रिएटिनिनवरून क्षमता काढण्याच्या २०२१ च्या सूत्राने त्याची किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ९२ च्या आसपास येते. बहात्तर वर्षांच्या आजींचं तेच १.१ असेल तर ईजीएफआर येतो ५३. आकडा तोच आणि प्रयोगशाळेने छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादेच्या आतबाहेर कुठेतरी, पण आजींच्या किडन्यांची ताकद त्या तरुणाच्या निम्म्याच्या थोडीच वर. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर तो दीर्घकालीन किडनीविकार धरतात.

म्हणून रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापलेला आहे का बघा. नसेल तर वय, लिंग आणि क्रिएटिनिन सांगून डॉक्टरांकडून काढून घ्या. आदल्या रात्री मटण झोडून सकाळी रक्त दिलं तर क्रिएटिनिन थोडं चढलेलं येतं, शिजवलेल्या मांसातूनच ते मिळतं. जिममध्ये जाणारी मुलं क्रिएटिनची पावडर घेतात त्यांचंही तसंच. थायरॉइडचं काम मंदावलेलं असेल तरीही क्रिएटिनिन वाढतं आणि गोळी सुरू झाल्यावर उतरतं. अशा वेळी एका आकड्यावर ‘किडनी गेली’ म्हणायची घाई नको, तपासणी पुन्हा करावी.

आता हार्मोनचा भाग. मिठाचं हे सगळं प्रकरण त्याच्याशिवाय नीट समजत नाही. रोज खाल्लेल्या पोटॅशियमपैकी जवळपास ९० टक्के किडनी लघवीतून बाहेर टाकते आणि हे काम तिच्याकडून करून घेतं अल्डोस्टेरॉन, किडनीच्या वर असलेल्या अॅड्रिनल ग्रंथीतून येणारं हार्मोन. ते किडनीच्या शेवटच्या नळ्यांना सांगतं, सोडियम ठेवून घ्या, पोटॅशियम सोडा. अल्डोस्टेरॉनला जागं करणारं रेनिन पुन्हा किडनीतूनच निघतं. वय झालं की रेनिनही कमी पडतं आणि अल्डोस्टेरॉनही. जुन्या मधुमेहात ते आणखी मंदावतं, कधी कधी ईजीएफआर फार घसरलेला नसतानाही. त्यावर इन्सुलिनची भर. जेवणानंतर रक्तात आलेलं पोटॅशियम चटकन पेशींमध्ये ढकलायचं काम इन्सुलिन करतं, ते कमी असेल तर पोटॅशियम रक्तातच रेंगाळतं.

आणि याच माणसाची बीपीची गोळी बघा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही सगळी औषधं रेनिन-अल्डोस्टेरॉनच्या साखळीलाच आवर घालतात. मधुमेहात किडनी वाचवण्यासाठी ती दिली जातात आणि द्यायलाच हवीत, ती स्वतःहून बंद करू नयेत. पण त्यांच्यामुळे पोटॅशियम बाहेर जाण्याची वाट अरुंद होते. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन किंवा फिनेरेनोन असेल तर आणखी अरुंद. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी किडनीचा रक्तपुरवठाही कमी करते आणि रेनिनही दाबते. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलेलं को-ट्रायमॉक्साझोल तेवढ्या दिवसांपुरतं पोटॅशियम अडवून धरतं. वाट अशी चारही बाजूंनी अरुंद होत असताना वरून पोटॅशियमचं मीठ ओतायचं, असा प्रकार होतो.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांना थोडं संरक्षण असतं. पाळी गेल्यावर रक्तदाब वाढू लागतो आणि तेच मीठ पूर्वीपेक्षा जास्त बाधतं. ‘आयुष्यभर असंच खाल्लं, कधी काही झालं नाही’ हे पंचावन्न वर्षांच्या बाईचं म्हणणं खरं असतं, पण शरीर तेच राहिलेलं नसतं. या वयात, किडनी चांगली असताना, लो सोडियम मीठ सुरू करणं हा आमच्या मते त्याचा सगळ्यात चांगला उपयोग आहे.

पोटॅशियम नक्की किती जातं याचा हिशेब घरी करता येतो. चार माणसांच्या घरात महिन्याला १ किलो मीठ संपत असेल तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या थोडं वर पडतं. ८ ग्रॅम धरू. त्यात ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड असेल तर २.४ ग्रॅम झालं, म्हणजे साधारण १२५० मिलीग्रॅम पोटॅशियम. १५ टक्क्यांचं असेल तर त्याच्या निम्मं. मध्यम आकाराच्या केळ्यात ४०० ते ४२० मिलीग्रॅम असतं, म्हणजे ३० टक्क्यांच्या मिठातून रोज तीन केळी अदृश्यपणे पोटात गेली. आणखी एक तुलना डोळे उघडणारी आहे. पोटॅशियम कमी झालेल्या रुग्णाला डॉक्टर जे सिरप लिहून देतात, त्याच्या १५ मिलीलीटरमध्ये १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं आणि ते रिपोर्ट बघत, दिवस मोजून दिलं जातं. आमटीतून त्याहून जास्त जातं तेव्हा मोजणारं कुणीच नसतं. शिवाय केळ्यातलं किंवा भाजीतलं पोटॅशियम चोथ्याबरोबर येतं, सगळं शोषलं जात नाही. मिठातलं बहुतेक सगळं शोषलं जातं.

किडनीच्या रुग्णाच्या घरात एक विसंगती हमखास दिसते. बटाटा सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, भरपूर पाण्यात भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकडून तेही फेकायचं. अगदी बरोबर आहे, अशाने पोटॅशियम निम्म्याच्या आसपास उतरतं. १०० ग्रॅम बटाट्यात ते साधारण ४०० मिलीग्रॅम, म्हणजे एवढ्या खटाटोपाने २०० मिलीग्रॅम वाचलं. मग त्या भाजीवर ३० टक्क्यांच्या लो सोडियम मिठाचा पाव चमचा पडला, सव्वा ग्रॅम धरा, की जवळपास २०० मिलीग्रॅम परत आत. सूनबाईंची अर्ध्या तासाची मेहनत एका चिमटीत वाया.

चवीबद्दल. पोटॅशियम क्लोराइड जिभेवर आधी खारट लागतं आणि मागाहून थोडं कडू, धातूसारखं. १५ टक्क्यांच्या मिठात ते बहुतेकांना कळतही नाही. ३० टक्क्यांच्या मिठात ताकात, दहीभातात, काकडीच्या कोशिंबिरीत, उकडलेल्या अंड्यावर कळतं. चिंच-गुळाची आमटी, आमसुलाचं सार, रस्सा यांत आंबट आणि तिखट त्याला झाकून टाकतात. मिश्रणात कण वेगवेगळे असतात, म्हणून बरणीत ओतल्यावर कोरड्या चमच्याने एकदा खालवर करून घ्यावं. लोणचं घालायला, लिंबं मुरवायला, वर्षाच्या पापडांना हे मीठ वापरू नये. तिथे मीठ मोठ्या प्रमाणात लागतं, कडवटपणा वर येतो आणि टिकण्याचा अंदाज आपल्याकडे साध्या मिठावर बेतलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक हाताच्या अंदाजाची. अळणी लागतं म्हणून वरून थोडं आणखी घातलं जातं. १५ टक्के कमी सोडियमचं मीठ १८ टक्के जास्त घातलं की सोडियम होतं तिथेच परत येतं. म्हणजे पाच चिमटींच्या जागी सहा टाकल्या की सोडियमचा फायदा शून्य, वर पोटॅशियम मात्र घेतलंच आणि पैसेही साध्या मिठापेक्षा जास्त दिले. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे चमच्याने मोजून घालावं. जीभ कमी मिठाला सरावते, तेवढा वेळ तिला द्यावा. मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे पाकिटावर उघडल्याची तारीख लिहायची. माणशी दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा धरली तर चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम पुरायला हवं. किलोचं पाकीट दीड महिन्याच्या पुढे गेलं की समजायचं, हात आवरला. अर्थात हे झालं स्वयंपाकातल्या मिठाचं. फरसाण, खारी, लोणच्याची फोड, पापड, पावभाजीचा पाव हे त्याबाहेरचं आणि पापडातल्या पापडखारातही सोडियमच असतं, चवीला तो खारट लागला नाही तरी.

सैंधवाबद्दल दोन शब्द, कारण लो सोडियम मिठाला ‘नैसर्गिक पर्याय’ म्हणून ते सर्रास सुचवलं जातं. सैंधव किंवा शेंदेलोण बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी रंग किरकोळ खनिजांचा. रक्तदाबाच्या दृष्टीने साध्या मिठात आणि त्यात फरक नाही आणि बरेचदा त्यात आयोडीन नसतं. पादेलोणाचंही तेच, वास वेगळा एवढंच. उलट लो सोडियम मीठ घेताना ते आयोडीनयुक्त आहे ना, हे पाकिटावर बघून घ्यावं. बरणी झाकणाची असावी आणि शेगडीच्या उष्णतेपासून लांब ठेवावी, आयोडीन दमट हवेत आणि उन्हात उडतं. यादीत ‘आयएनएस ५३६’ दिसलं तर घाबरू नका. ते मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेलं पोटॅशियमचं संयुग आहे, इतकं अत्यल्प की पोटॅशियमच्या हिशेबात धरायचं कारण नाही. लक्ष ५०८ वर ठेवा.

उपवासाचा दिवस किडनीच्या रुग्णासाठी वाटतो तितका हलका नसतो. उपवासाची ताटली बघा: १५० ग्रॅम बटाटा, मूठभर दाण्याचं कूट, एक केळं, संध्याकाळी शहाळ्याचं एक भांडं. एवढ्यातच पोटॅशियम दीड हजार मिलीग्रॅमच्या पुढे जातं. रताळं, राजगिरा, खजूर आले तर आणखी. मधुमेह असेल, इन्सुलिनचा डोस उपवास म्हणून चुकवला असेल, तर हे पोटॅशियम पेशींत जाणार कसं? आषाढीच्या दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही, पाय उचलत नाहीत, अशी तक्रार आली तर ती उपवासाचा थकवा म्हणून सोडून देऊ नये. अशा माणसाने उपवासाला साबुदाणा, भगर यांवर भर द्यावा, दाणे-बटाटा आवरते घ्यावेत, शहाळं टाळावं आणि इन्सुलिनचं काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

उन्हाळ्याचंही असंच. मे महिन्यात विदर्भात चार जुलाब झाले की शरीरातलं पाणी कमी होतं, किडनीचं गाळणं एकदम मंदावतं. टेल्मिसार्टन चालू, मीठ पोटॅशियमचं. दोन दिवसांत पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. अशा आजारपणात त्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी विचारावं आणि पोटॅशियमचं मीठ तेवढ्या काळात वापरूच नये.

एका उलट्या चुकीकडेही दुर्लक्ष नको. लो सोडियम म्हटल्यावर काही घरांत आजोबांचं मीठ जवळजवळ बंदच होतं. म्हातारपणी किडनी सोडियम चटकन धरूनही ठेवू शकत नाही आणि क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइडसारखी लघवीची गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियमच घसरतं. ते १३५ ते १४५ मध्ये असायला हवं. १२५ वगैरे झालं की गुंगी, असंबद्ध बोलणं, तोल जाणं सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं विसरभोळेपणा वाढला. मीठ कमी करायचं म्हणजे अळणी जेवायचं नाही.

मग कोणत्या घरात काय करावं? साठीच्या आतले, रक्तदाब थोडा वाढलेला, ईजीएफआर ९० च्या वर, मधुमेह नाही, पोटॅशियम वाढवणारी गोळी नाही: निःशंक वापरा, ३० टक्क्यांचंही चालेल. किडनी चांगली, पण टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू: डॉक्टरांना सांगून, आधी पोटॅशियम तपासून १५ टक्क्यांचं सुरू करावं आणि दोनेक आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा बघावं. ईजीएफआर ६० च्या खाली, किंवा जुना मधुमेह आणि लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, किंवा पोटॅशियम आधीच ५ च्या वर असेल: स्वतःच्या मनाने मुळीच नाही. डायलिसिसवरच्या आणि किडनी बदललेल्या माणसाच्या घरात ते आणूच नये, किडनीरोपणानंतरचं टॅक्रोलिमस हे औषधही पोटॅशियम वाढवतं. या सगळ्यांनी साधं आयोडीनयुक्त मीठच, पण मोजून खावं. घरात दोन प्रकारची माणसं असतील तर दोन बरण्यांचा घोळ घालू नका, कधीतरी चुकीची उचलली जातेच. सगळ्यांसाठी साधं मीठ नेहमीच्या दोन तृतीयांश घाला, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसणाची फोडणी यांनी चव उचला, ज्यांना हवं त्यांनी पानात वरून घ्यावं.

तपासण्या तीन सांगाव्यात: क्रिएटिनिन ईजीएफआरसह, रक्तातलं पोटॅशियम आणि सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर. गुणोत्तर ३० च्या आत हवं, पोटॅशियम साधारण ३.५ ते ५. लघवीची ही तपासणी बऱ्याच किडनी पॅकेजमध्ये नसते, वेगळी मागावी लागते आणि मधुमेहात किडनीची पहिली खबर बहुधा तीच देते. पोटॅशियमच्या नमुन्यात एक गोम असते. दंडाला पट्टा घट्ट बांधून मूठ सारखी उघडमिट करायला लावली, किंवा घरून नेलेला नमुना उन्हातून उशिरा पोचला, तर स्नायूंमधलं किंवा रक्तपेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडून आकडा खोटा वाढतो. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ (नमुन्यातल्या रक्तपेशी फुटलेल्या) असा शेरा असेल तर प्रयोगशाळेतच जाऊन त्याच दिवशी पुन्हा नमुना द्यावा. शेरा नसताना ५.५ च्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं, ६ च्या वर गेलं तर थेट रुग्णालयात, ईसीजी काढायला. त्रास होत नाही म्हणून थांबू नये. वाढलेलं पोटॅशियम अनेकदा काहीच जाणवू देत नाही आणि एकदम हृदयाची लय बिघडवतं.

काही महिने हे मीठ चालू आहे आणि वरच्या वर्णनात आपले आई-वडील बसतात असं लक्षात आलं, तर आज रात्रीच्या स्वयंपाकापासून साधं मीठ घाला आणि उद्या सकाळी पोटॅशियम तपासायला द्या. बीपीची गोळी मात्र चालूच ठेवा. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पट्ट्या घेताच, त्याच पिशवीत मिठाचं पाकीटही टाका. ‘औषधं कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात मीठ सांगायचं कुणालाच सुचत नाही.